आभासी पेढ्यांची दलाली आणि गिरणगावची ठेव

चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी या भागांतील तरुणांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. क्रिप्टो नावाच्या आभासी चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या ज्या पेढ्या मोबाईलवर उघडल्या आहेत, त्यांपैकी कोणाची दलाली कमी, आणि पैसे भरण्याची सोय कोणाकडे चांगली? हा प्रश्न विचारणारे कोणी मुरलेले सटोडिये नव्हेत. कोणी घरपोच खाण्याचे डबे पोहोचवितो, कोणी मॉलमध्ये पहाऱ्याला उभा राहतो, कोणी कंत्राटी कारकून आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांच्या नातवंडांची ही पिढी. आजोबांना गिरणीतून निघताना जी देणी मिळायला हवी होती ती पुरती मिळाली नाहीत. नातवाला तर भविष्यनिर्वाह निधी म्हणजे काय हे ऐकूनच ठाऊक. अशा माणसाने महिन्याकाठी हजार-दोन हजार रुपये बाजूला काढून ते वाढविण्याचा मार्ग शोधला, तर त्याच्यावर लोभाचा शिक्का मारून मोकळे होणे आम्हांला रास्त वाटत नाही. 'हा भांडवलदारांचा जुगार आहे, त्यात पडू नका' हे उत्तर खरे असले तरी ते अपुरे आहे. प्रश्न दलालीचा विचारला आहे, तेव्हा प्रथम दलालीचाच हिशेब मांडला पाहिजे.

या पेढ्या आपल्या जाहिरातीत जो दर सांगतात तो शेकडा पाव किंवा अर्धा असा क्षुल्लक दिसतो. वझीरएक्स या पेढीचा दर दीर्घकाळ शेकडा ०.२ होता, इतरांचे याच्या आसपास, काहींचे दुपटीपेक्षा अधिक. आपण हिशेबासाठी अर्धा टक्का धरू. दहा हजार रुपयांची खरेदी केली की पन्नास रुपये दलाली आणि तीवर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर नऊ रुपये, म्हणजे एकूण एकोणसाठ गेले. भाव तसूभरही हलला नाही असे समजून तोच माल विकला, तर पुन्हा एकोणसाठ, आणि शिवाय विक्रीच्या रकमेवर एक टक्का, म्हणजे नव्व्याण्णव रुपये, उगमस्थानी करकपात. हातात आले नऊ हजार सातशे त्र्याऐंशी. ही उलाढाल महिन्यात दहा वेळा झाली (पेढीच्या मोबाईलवरील सूचनांचा भडिमार ती दहा वेळा व्हावी यासाठीच असतो) तर दहा हजारांचे सुमारे आठ हजार उरतात. त्या दोन हजारांपैकी नऊशेच्या आसपास रक्कम करखात्यात जमा झालेली असते, ती विवरणपत्र भरल्यास परत मागता येते. बाकीची कायमची गेली. आणि हे सर्व भाव स्थिर राहिला असता.

हा झाला उघड दर. 'आमच्याकडे शून्य दलाली' अशी घोषणा जेथे दिसते तेथे तर अधिकच सावध राहावे. तेथे विकत घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांत फरक ठेवलेला असतो आणि पेढी आपली दलाली त्या फटीतून काढून घेते. लालबागच्या सराफाकडे मोड घेऊन गेलेल्या गृहिणीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सोने घेतानाचा भाव आणि मोडीचा भाव वेगळा असतो हे ती जाणते. मोबाईलच्या पडद्यावर मात्र एकच आकडा ठळक दिसतो आणि दुसरा शोधावा लागतो. कोणत्याही दोन पेढ्यांची तुलना करावयाची तर त्याच क्षणी दोन्हीकडे घेण्याचा आणि विकण्याचा असे चारही भाव कागदावर उतरवून पाहावेत. जाहिरातीतील टक्केवारीपेक्षा हे चार आकडे अधिक खरे बोलतात.

आणखी एक गोष्ट. बहुतेक पेढ्यांत ज्याची उलाढाल मोठी त्याला दलालीचा दर कमी, ज्याची लहान त्याला पूर्ण दर. आपला माल पेढीतून काढून स्वतःच्या ताब्यात घ्यावयाचा झाल्यास जे शुल्क पडते ते बहुधा ठोक असते: दहा लाखांचा माल काढा की दोन हजारांचा, शुल्क तेच. मोठ्याला ते जाणवत नाही. दोन हजारवाल्याचा त्यात लचका तुटतो. परिणामी लहान माणूस आपला माल पेढीतच ठेवतो. हे आपण का सांगत आहोत ते पुढे कळेल.

कराच्या बाबतीतही हीच तऱ्हा. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या व्यवहारांतील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसविला, वर ४ टक्के उपकर. एका नाण्यात पाच हजारांचा नफा आणि दुसऱ्यात पाच हजारांचा तोटा झाला, तर कोणताही शहाणा माणूस म्हणेल की मिळकत शून्य. कायदा तसे म्हणत नाही. तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढील वर्षी ओढता येत नाही, दलालीचा खर्चही वजा मिळत नाही. शून्य मिळकतीवर पंधराशे साठ रुपये कर! करोडपती सटोडियाला आणि डबेवाल्या पोराला दर एकच. प्रगतिशील करपद्धतीचे तत्त्व या देशाने मान्य केले आहे, असे आम्ही समजत होतो. सट्ट्याला आळा घालण्यासाठी हे केले, असा बचाव करण्यात येतो. आळा घालावयाचा होता तर मोठ्या उलाढालीवर घालता आला असता. येथे फटका बसतो तो ज्याला हिशेबनीस ठेवणे परवडत नाही त्याला.

आता पैसे भरण्याच्या सोयीविषयी. येथे इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण आजची गैरसोय त्यातूनच उद्भवली. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना या पेढ्यांशी व्यवहार करण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. कायद्याने बंदी उठली. बँकांच्या मनातली उठली नाही. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस ही अमेरिकन पेढी यूपीआयची सोय देऊ करीत भारतात आली, तेव्हा यूपीआय चालविणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने आपल्याला अशा कोणत्याही पेढीची माहिती नाही असे जाहीर केले आणि काही दिवसांत ती सोय बंद पडली. तेव्हापासून कोणत्या पेढीत कोणत्या बँकेतून पैसे जातील आणि उद्याही जातील काय, हे पेढीच्या आणि बँकेच्या मर्जीवर अवलंबून राहिले आहे.

ज्या देशात रिझर्व्ह बँकेने जुलै २०१९ पासून एनईएफटीवरील आपले शुल्क माफ केले आणि जेथे यूपीआयने पैसे पाठविण्यास साधा नागरिक एक पैसाही देत नाही, तेथे हे घडत आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल: करी रोड किंवा लालबागच्या टपाल कचेरीतून कोकणात मनीऑर्डर करावयाची तर वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडे. पाच टक्के हा दर आजच्या कोणत्याही आभासी पेढीच्या जाहिरातीपेक्षा जबर होता. तरीही त्या कमिशनाबद्दल गिरणगावाने कधी कुरकुर केली नाही. कारण पावती मिळे, पोस्टमन दारात जाऊन पैसे मोजून देई, आणि न पोहोचल्यास दाद मागण्यास सरकारी खिडकी होती. दलालीचा दर एकट्याने काहीच सांगत नाही. त्या दलालीत आपणांस काय मिळते हे पाहिले तरच तुलना होते.

बँकेचा मार्ग अडला की व्यक्तीव्यक्तींमधील व्यवहाराचा मार्ग सुचविला जातो. पेढी फक्त मध्यस्थ. तुम्ही अनोळखी माणसाच्या खात्यात रुपये भरावेत आणि त्याने तुम्हांला नाणी द्यावीत, किंवा उलट. यावर दलाली अत्यल्प किंवा शून्य. सर्वांत स्वस्त दिसणारा हा मार्ग कष्टकऱ्याला सर्वांत महाग पडू शकतो. तुमची नाणी घेऊन ज्याने तुमच्या खात्यात रुपये पाठविले, ते रुपये त्याने कोणा वृद्धाला फसवून मिळविलेले असले, तर त्या फसवणुकीच्या तक्रारीचा माग काढीत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठविले जाते. तक्रार परप्रांतातली, पोलीस ठाणे परप्रांतातले. आणि येथे पगार त्याच खात्यात जमा होतो. पगार अडकलेल्या माणसाला शून्य दलालीचे कौतुक उरत नाही. हा मार्ग कोणी वापरू नये, असे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो.

येथपर्यंत आलेल्या वाचकाला एक जुनी गोष्ट आठवली असेल. गिरणगावाला भावावर पैसे लावण्याचे व्यसन नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईत येई आणि त्यावर येथे पैसे लागत. ते थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यात येऊ लागल्या आणि १९६२ च्या सुमारास वरळीतून मटका सुरू झाला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द चाळीचाळींत पोहोचले ते कापसाच्या भावातून. ज्या कापसाचे सूत कामगार दिवसभर काढी, त्याच कापसाच्या भावावर रात्री त्याची मजुरी जाई. मात्र मटक्याचा बुकी निदान नाक्यावर उभा असे. त्याचे तोंड माहीत असे. आज पेढीचा मालक कोण, हेच कळेनासे झाले आहे, आणि ही अतिशयोक्ती नव्हे.

वझीरएक्सचे उदाहरण घ्या. ही मुंबईची पेढी, देशातील सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक. २०१९ मध्ये बायनान्स या जगातील सर्वांत मोठ्या पेढीने ती आपण घेतल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्याच प्रमुखाने तो व्यवहार पुरा झालाच नव्हता असे सांगितले. मालकीचा हा वाद मिटण्यापूर्वीच १८ जुलै २०२४ रोजी पेढीच्या तिजोरीवर डल्ला पडला आणि सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी नाहीशी झाली. पेढीपाशी असलेल्या मालमत्तेचा हा जवळजवळ ४५ टक्के भाग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या हस्तकांनी केल्याचे म्हटले. चोर कोणीही असो. ग्राहकाला प्रश्न होता आपल्या ठेवीचा. पेढीने त्यावर जो तोडगा सुचविला त्याला तिने नाव दिले 'तोट्याचे सामाजिकीकरण'. ज्यांची नाणी चोरीला गेली आणि ज्यांची गेली नाहीत त्या सर्वांनी मिळून नुकसान सोसावे, प्रत्येकाची ४५ टक्के मालमत्ता अडकून राहावी, असा तो तोडगा होता.

सामाजिकीकरण हा शब्द या पृष्ठाच्या वाचकांना अपरिचित नाही. उत्पादनसाधनांच्या सामाजिकीकरणाची मागणी केली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते तोट्याचे सामाजिकीकरण किती तत्परतेने करतात! पेढी भरभराटीत असताना जी दलाली जमा झाली, तिचे सामाजिकीकरण करण्याचा प्रस्ताव कोणी मांडल्याचे आम्हांला आढळले नाही. आरडाओरड झाल्यावर तो तोडगा जसाच्या तसा अमलात आला नाही, पण पुढे काय झाले? भारतीय ग्राहकांनी भारतीय रुपयांत भरलेल्या पैशांचा निवाडा सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालला, कारण ज्या कंपनीने ही नाणी सांभाळली होती ती तेथे नोंदलेली. पहिली योजना तेथे जून २०२५ मध्ये नामंजूर झाली, सुधारलेली ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. पेढी २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा उघडली. पंधरा महिने! ग्राहकांना काही हिस्सा परत मिळाला, उरलेल्यासाठी 'रिकव्हरी टोकन' नावाची वचनपत्रे. आणि पुन्हा उघडताना पेढीने ग्राहकांना आमिष कोणते दाखवावे? काही दिवस शून्य दलाली.

दलालीची तुलना किती व्यर्थ ठरू शकते याचा याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही. शेकडा ०.२ दराची ती पेढी स्वस्तातच होती.

याच संदर्भात दुसरी घटना न सांगणे अन्यायाचे होईल. १९ जुलै २०२५ रोजी, म्हणजे बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने, कॉइनडीसीएक्स या मुंबईच्याच दुसऱ्या पेढीतून सुमारे ४ कोटी ४० लक्ष डॉलरची चोरी झाली. ती पेढीच्या स्वतःच्या कारभाराच्या खात्यातून झाली, ग्राहकांची नाणी वेगळी ठेवलेली होती आणि तोटा आपल्याच गंगाजळीतून भरून काढू, असे पेढीने जाहीर केले. दोन पेढ्यांची तुलना करावयाची ती या कसोटीवर: ग्राहकांचा माल आणि मालकाचा माल वेगवेगळा ठेवला आहे काय, तोटा आल्यास तो कोण सोसणार, आणि भांडण झाल्यास न्यायालय कोणत्या देशाचे? या प्रश्नांची उत्तरे कराराच्या बारीक अक्षरांत असतात. आश्चर्य असे की, आपल्या येथे ही उत्तरे कायद्याने ठरलेली नाहीत. ज्या पेढीने चांगले वागायचे ठरविले ती वागली, एवढेच. चांगुलपणा मालकाच्या मर्जीवर सोपविणे कामगार चळवळीने फार पूर्वी सोडून दिले आहे.

न्यायालयांनी मात्र थोडी वाट काढली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्येच मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहक महिलेच्या बाबतीत असे म्हटले की आभासी नाणे ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते. आणि तिची ३,५३२ नाणी, जी चोरीला गेलेल्या नाण्यांपैकी नव्हतीच, ती इतरांच्या तोट्यात वाटून टाकण्यापासून त्या न्यायालयाने पेढीच्या भारतीय कंपनीला रोखले. एकट्या ग्राहकाला मिळालेला हा दिलासा मोलाचा आहे. पण चेन्नईला वकील देणे किती जणांना जमेल?

बँकेतली ठेव तरी सुरक्षित कोठे आहे, असे कोणी विचारील, आणि विचारण्याचा त्याला अधिकार आहे. हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ साली स्थापन झालेली बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक हीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. ज्या कष्टकऱ्यांना मोठ्या बँका दारात उभे करीत नसत त्यांच्यासाठी ती निघाली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि जवळजवळ दोन आठवडे ठेवीदाराला स्वतःचा एक रुपयाही काढता आला नाही. सहकाराच्या नावाने चाललेल्या या कारभाराचा निषेध करताना आम्हांला संकोच वाटत नाही. कामगाराच्या नावाने काढलेली संस्था कामगाराला उत्तरदायी राहिली नाही की तिचेही खाजगी पेढीच होते. परंतु फरकही पाहा. ठेव विमा व पतहमी महामंडळाच्या विम्याने पाच लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित होती. २७ फेब्रुवारीपासून पंचवीस हजारांपर्यंत रक्कम काढण्यास परवानगी मिळाली, आणि ४ ऑगस्टपासून ती बँक, १९१८ साली गिरगावात जन्मलेल्या सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत, याच शहरात, याच देशाच्या कायद्याने. हा पाच लाखांचा विमा २०२० पर्यंत अवघा एक लाखाचा होता. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी २०१९ मध्ये रस्त्यावर उतरून जो आक्रोश केला, तो ही मर्यादा वाढण्यास कारणीभूत झाला हे विसरता कामा नये.

आभासी पेढीतल्या पैशांना असला कोणताही विमा नाही. या पेढ्या 'नोंदणीकृत' असल्याचे अभिमानाने सांगतात. ते खरे आहे. पण नोंदणी कशाची? मार्च २०२३ पासून त्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद करावी लागते आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. बायनान्सला याच कायद्याच्या भंगाबद्दल जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लक्ष रुपये दंड झाला. ही नोंदणी सरकारला ग्राहकावर लक्ष ठेवता यावे यासाठी आहे, ग्राहकाच्या ठेवीच्या रक्षणासाठी नव्हे. हा भेद कार्यकर्त्यांनी बैठकीत पुनःपुन्हा समजावून सांगितला पाहिजे, कारण 'सरकारी नोंदणी' हे शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो.

दादरच्या टोरेस प्रकरणाचा अनुभव ताजाच आहे. कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आश्वासन देणारे ते दुकान जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बंद झाले आणि दादरच्या मंडईतील भाजी विकणाऱ्यांपासून फेरीवाल्यांपर्यंत असंख्य लोकांची पुंजी बुडाली. त्यातील काही पैसा आभासी चलनात रूपांतरित करून देशाबाहेर नेला, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. तेथे गुन्हा दाखल होऊ शकला तो ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याखाली. मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची तरतूद असलेला हा कायदा आपल्याच राज्यात आहे. आभासी पेढ्यांत ग्राहकांनी ठेवलेल्या रुपयांना आणि नाण्यांना तो निःसंशयपणे लागू व्हावा यासाठी राज्य सरकारने त्यात स्पष्ट दुरुस्ती करावी, अशी आमची मागणी आहे. भारतीय ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या पेढीने त्याची मालमत्ता स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवावी, वाद भारतीय न्यायालयात चालावा आणि प्रत्येक व्यवहारापूर्वी दलाली, कर व भावातील फरक यांची एकत्रित रक्कम रुपयांत दाखवावी, असे केंद्राच्या कायद्यात असले पाहिजे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. शेअर दलालाला यांतील बऱ्याच गोष्टी आजही पाळाव्या लागतात.

कायदा होईल तेव्हा होईल. दरम्यान विभागातील शाखांना एक काम ताबडतोब हाती घेता येईल. ज्यांनी या पेढ्यांत थोडेफार व्यवहार करून तोटा सोसला, त्यांच्या प्रत्येक विक्रीवर एक टक्का करकपात झालेली असते. नफा झालाच नसेल आणि अन्य करही देणे नसेल, तर ही रक्कम परत मिळण्याचा त्यांना अधिकार आहे; पण त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरावे लागते, आणि ते भरायचे असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. करखात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या पॅन क्रमांकावर जमा झालेल्या कपातीचे पत्रक पाहता येते. ज्यांना हिशेब कळतो अशा दोघा-तिघांनी सार्वजनिक मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत रविवारची सकाळ बसावे, येणाऱ्यांचे पत्रक काढून द्यावे आणि विवरणपत्र भरून घ्यावे. कोणाचे तीनशे, कोणाचे नऊशे रुपये सुटतील. ज्यांचे खाते पोलिसांच्या सांगण्यावरून गोठले आहे त्यांची यादीही त्याच वेळी करावी; बँकेकडून तक्रारीचा क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागून घेण्याचे अर्ज तेथेच लिहून देता येतील.